मागचं डावं चाक

लोणारचं सरोवर पाहून आले. आल्यापासून चिपळुणात जो भेटतो तो सरोवराचंच विचारतो. मी त्याबद्दल दोन वाक्यं सांगते आणि माझ्याही नकळत न्हावऱ्यावर येते. न्हावरे हे शिरूर तालुक्यातलं एक मोठं गाव. तिथं पाहण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. माझी गाडी तिथं चार दिवस दगडांवर टेकवून ठेवलेली होती आणि मी तिच्याखाली होते, एवढंच.

गाडी म्हणजे चाळीस वर्षांची मॅटाडोर. अकरा वर्षांपूर्वी विनायकनं ती कऱ्हाडच्या एका आचाऱ्याकडून आणली. विनायक माझा नवरा. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे मी त्याला अरे-तुरेच करायची. त्यानं गाडीत दोन बाकं बसवली, पाण्याची टाकी बसवली, स्टोव्हसाठी कप्पा केला. दर हिवाळ्यात आम्ही पंधरा दिवस बाहेर पडायचो. चालवणार तो, दुरुस्त करणार तो; मी नकाशा बघायचे आणि भात लावायचे. दोन वर्षांपूर्वी तो हृदयविकारानं गेला. लोणारला जायचं राहिलं होतं. मुलगा म्हणाला, गाडी विकून टाक. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी ती चालवायला शिकले.

पारगावच्या अलीकडं

कुंभार्ली घाट चढून सातारा, लोणंद, नीरा असं करत पहिला मुक्काम मी मोरगावला केला. पुणं टाळून शिरूरकडं जाणारा हा रस्ता चौफुल्याला मोठा हायवे ओलांडतो आणि मग भीमेकडं उतरत जातो. आमच्याकडं रस्ता दोन वळणांपलीकडं दिसत नाही. इथं पुढचा ट्रक कितीतरी वेळ दिसतच राहतो. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचं धुराडं, आणि सगळ्या हवेला शिजत्या रसाचा वास.

एका गुऱ्हाळावर मी थांबले. कढईतला पाक गार व्हायला उथळ वाफ्यात ओतत होते. तिथल्या माणसानं मला पळसाच्या पानावर गरम काकवी दिली. तिला किंचित खारट चव होती. मी मान वळवली आणि "अरे, बघ" म्हणायला तोंड उघडलं. बाजूला एक ट्रॅक्टरवाला उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी पानाकडं पाहिलं. एकटीनं फिरताना अडचणीचं मला फारसं काही वाटत नाही. काही चांगलं समोर आलं की मात्र कठीण जातं.

तिथून निघाल्यावर पारगावच्या आधी रस्ता थोडा उतरतो. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर होता आणि मागच्या ट्रॉलीवर, मोळ्यांच्या वर, तोडणीच्या बायका बसल्या होत्या. ट्रॅक्टर हळू झाला. मी ब्रेक दाबला आणि पाय सरळ फळीला जाऊन टेकला. पुन्हा दाबला. काहीच नाही. ट्रॉलीच्या मागं लावलेला लाल कपडा मोठा मोठा होत चालला. मी तिसऱ्या गिअरवरून दुसरा टाकला, इंजिन ओरडलं, आणि हातब्रेक दोन्ही हातांनी ओढून गाडी डावीकडं घातली. बाभळीनं आरसा तोडला, पुढचं चाक रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत उतरलं आणि गाडी थांबली. वरून एका बाईनं विचारलं, "लागलं का वं बाई?" मी नाही म्हणून हात हलवला. ट्रॉली पुढं निघून गेली.

शेजारच्या वस्तीवरून एक म्हातारा चालत आला. पांढरं मुंडासं, कानात बाळी. त्यांना सगळे आप्पा म्हणतात हे मला मागून कळलं. ते मागच्या उजव्या चाकाशी बसले, आतल्या बाजूनं टायरवर बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

"ब्रेक ऑइल हाय," ते म्हणाले. "सगळं गळून गेलंय."

मग सुनेला हाक मारून त्यांनी चहा मागवला. मी कोकणातून आले म्हटल्यावर ते एकदम माझ्याकडं वळून बसले. ते धनगर. आता चार एकर ऊस आहे, पण त्यांचे वडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचे आणि आप्पा पोरवयात त्यांच्याबरोबर घोड्यावर बसून जायचे. भात कापलेल्या खाचरांत खतासाठी मेंढरं बसवायची, बदल्यात शेतकरी भात द्यायचा. "तुमच्याकडं रातीला लई दव पडतंय," ते म्हणाले. "घोंगडी पिळून काढाय लागायची." पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं ते दव त्यांना अजून आठवत होतं, आणि मी रोज त्याच दवात उठते आणि कधी त्याच्याकडं पाहिलेलं नाही.

या गाडीचं काम कोण करील, यावर आप्पांनी थोडा विचार केला. शिक्रापूरला गॅरेजं पुष्कळ, पण तिथली पोरं ही गाडी बघून हसतील म्हणाले. न्हावऱ्यात शांताराम मिस्त्री होता, पूर्वी दुधाच्या मॅटाडोरी सांभाळायचा. "आता काम करतो का न्हाई, म्हाईत न्हाई." त्यांनी ट्रॅक्टर काढला, टोचन लावलं आणि मला हातब्रेक धरून बसायला सांगितलं. असं ओढत ओढत आम्ही भीमेचा पूल ओलांडला.

न्हावरे

मिस्त्रींचं घर गावाच्या कडेला होतं. पुढं मोठं पटांगण, त्यात कडुनिंब, पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये कोणी हात न लावलेली अवजारं, तेल पुसून ओळीनं टांगलेली. ओसरीवर बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढं जास्वंदीची दोन फुलं. मिस्त्री खुर्चीवर बसले होते. सत्तरीचे, सडपातळ, अंगात स्वच्छ पांढरा सदरा. आम्ही जवळ गेलो तरी त्यांनी आधी डोकं वळवलं नाही. आवाज आला तेव्हा पूर्ण मान फिरवून त्यांनी आमच्याकडं पाहिलं.

आप्पांनी सांगितलेलं सगळं ऐकून ते म्हणाले, "मी काम सोडलं, आप्पा. डोळ्यांनी सोडायला लावलं." उजवा डोळा काचबिंदूनं गेला होता. डाव्यानं समोरचं नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं, बाजूचं काहीच नाही.

आप्पा परत गेले. मी गाडीच्या पायरीवर बसून राहिले. दुसरं कुठं जायचं ते मला सुचत नव्हतं. थोड्या वेळानं मिस्त्री चाचपडत गाडीपाशी आले, पत्र्यावरून तळवा फिरवला आणि मी आयुष्यभर काय केलं असं त्यांनी विचारलं. मुलींना शिवणकाम शिकवलं, असं मी सांगितलं.

"म्हंजी बोटं चालतात," ते म्हणाले. "मग हात तुमचं, सांगणं माझं. बघा, जमतंय का."

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा चाक काढलं. खाली दगड लावले, आतल्या ब्रेकच्या ड्रमला लाकडी हातोडीनं फिरवून फिरवून ठोकलं. मिस्त्री स्टुलावर बसून आवाजावरून सांगत होते: आता खाली, आता परत वर. ड्रम सुटून मांडीवर आला तेव्हा आतून काळं, ओशट पाणी माझ्या साडीवर सांडलं. आत अर्ध्या चंद्रासारखे दोन ब्रेक-शू, त्यांना ओढून धरणाऱ्या दोन स्प्रिंगा, आणि वर बोटाएवढं सिलिंडर, ज्यातून तेल गळत होतं. शूवरचे लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, तेलानं भिजून गेले होते. त्यांनी ड्रमच्या आत अंगठा फिरवला आणि म्हणाले, खाच पडली आहे, लेथवर घासून घ्यावा लागेल. लेथवाला एकच, तो दौंडला.

मिस्त्रींची सून सुजाता तेव्हा कंपनीच्या बसनं घरी आली. पस्तिशीची, कंपनीचा निळा शर्ट, खांद्याला डबा. तिचा नवरा ट्रकवर असतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. तिनं माझ्याकडं, उघड्या चाकाकडं आणि स्टुलावर बसलेल्या सासऱ्यांकडं पाहिलं. ती फक्त एवढंच म्हणाली की मामा किती दिवसांनी ओसरी उतरून खाली आले. रात्री जेवायला तिनं बाजरीची भाकरी, पिठलं आणि खर्डा केला. मी माझा भात लावते म्हटलं तर मिस्त्रींनी काळजीनं विचारलं, पोट बिघडलंय का. त्यांच्याकडं नुसता भात आजाऱ्याला देतात. आमच्याकडं ताप आला की आधी भाकरी बंद होते आणि पेज सुरू.

दौंड

सकाळी सुजाता जुने शू पिशवीत घालून घेऊन गेली. कंपनीपासून जवळच नवे लायनर रिव्हेट करून देणारा होता, आणि सिलिंडरची रबरं शिक्रापुरात मिळतील असं मिस्त्रींनी तिला सांगितलं होतं. मी ड्रम गोणपाटात गुंडाळून दौंडची एसटी धरली. मांडीवर ते ओझं घेऊन दीड तास बसले. शेजारच्या बाईला वाटलं, पाटा आहे.

दौंडला रेल्वेचा भोंगा सतत कानावर येतो. स्टेशनच्या मागं लेथवाल्याचं दुकान सापडलं. रेल्वेतून निवृत्त झालेला गोरटेला, बुटका माणूस. मराठी बोलता बोलता मधूनच हिंदीत शिरायचा. ड्रम कुणी पाठवला म्हणून त्यानं विचारलं. मी मिस्त्रींचं नाव सांगितल्यावर त्यानं लेथ बंद केलं.

"शांताराम काम करतोय? त्याला दिसतं?"

मी म्हटलं, मी करते आहे, ते सांगतात. त्यानं गोणपाट सोडलं. ड्रम बसवला, आणि लोखंडाचे चकचकीत कुरळे धागे खाली पडू लागले. काम झाल्यावर आतून बोट फिरवायला लावलं. काचेसारखा गुळगुळीत झाला होता. निघताना त्यानं सांगितलं, त्याला म्हणावं, मी विचारलं होतं. पुढं काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं, पण तो परत लेथकडं वळला.

परतीच्या एसटीला वेळ होता. स्टेशनबाहेर मी भजी आणि चहा घेतला. फलाटावर लोक घोळक्यानं उतरत होते, त्यांना न्यायला लोक आले होते. एका बाईनं मला ओळखीचं समजून हात केला, मग चूक कळल्यावर हसून पुढं गेली. मलाही हसू आलं. पण गोणपाट उचलून एसटीत बसेपर्यंत तिचा तो उंचावलेला हात डोळ्यांपुढून जाईना.

न्हावरे, तिसरा दिवस

उजवं चाक दुपारपर्यंत झालं. सिलिंडर आतून बारीक पॉलिश कागदानं घासलं, नवी रबरं बसवली. रबराचं तोंड आतल्या बाजूला, तेलाकडं, हे मिस्त्रींनी माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं. स्प्रिंग चढवताना पक्कड दोनदा निसटली आणि अंगठ्याचं साल गेलं. तिसऱ्यांदा ती खटकन बसली. शिवणाच्या मशीनचा पट्टा चढवताना जसं मनगट वळतं, तसंच वळवावं लागत होतं. मिस्त्रींनी सगळ्यावरून बोटं फिरवली आणि मान हलवली.

मग ते म्हणाले, डावंही उघडा. एका बाजूचं काम करून गाडी सोडायची नसते.

डावा ड्रम सहज निघाला. आत कोरडं होतं, नुसती गंजाची पूड. मिस्त्रींनी लायनरवर अंगठा दाबला आणि तो तिथंच ठेवला.

"ताई, ह्यो लायनर घासलाच न्हाई," ते म्हणाले. "हातब्रेकला टेकतोय तेवढाच. मागं पाइप बघा. तेल येतंय का ह्या चाकाला?"

मी खाली आडवी झाले, बॅटरी लावली. सिलिंडरला येणारी तेलाची नळी कापलेली होती. तिचं तोंड ठोकून चपटं केलं होतं, दुमडलं होतं, पितळेनं बुजवलं होतं, आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बांधली होती. तीन गाठी, तिसरी उलटी. आमच्या घरातला प्रत्येक पाण्याचा पाइप, बागेतली प्रत्येक नळी, माझ्या छत्रीची मूठसुद्धा विनायकनं तशीच बांधलेली आहे.

मिस्त्रींनी समजावून सांगितलं. सिलिंडर गळू लागलं की काही लोक त्या चाकाची नळीच बंद करतात. तेल वाचतं, बाकीच्या तीन चाकांवर गाडी थांबते. घरी पोचण्यापुरतं करतात आणि मग दुरुस्त करतात. हे किती जुनं असावं, मी विचारलं. त्यांनी गाठीवरचा चिखल नखानं खरवडला. तीन-चार पावसाळे, म्हणाले.

म्हणजे शेवटच्या दोन्ही फेऱ्या. कुंभार्ली आम्ही चार वेळा चढलो-उतरलो होतो, मी शेजारी नकाशा घेऊन बसलेली. प्रत्येक वेळी निघताना मी विचारायची, गाडी ठीक आहे ना, आणि तो म्हणायचा, ठणठणीत. मला त्यातलाच एक पावसाळा आठवला. तेव्हा त्यानं चाकाखाली बसणं बंद केलं होतं. पाठ धरते म्हणायचा. छातीचं त्यानं कधी सांगितलंच नाही. डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की दुखणं बरंच जुनं होतं.

मी गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि मिस्त्रींना म्हणाले की ही गाठ माझ्या नवऱ्याची आहे, मला आता ही गाडी नको. शिक्रापूरला कोणी भंगारवाला असेल तर त्याला बोलवा, मी एसटीनं घरी जाते. आवाज चढवायचं काही कारण नव्हतं, तरी तो चढला. कडुनिंबाखाली जाऊन मी बसले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला विनायकचा भयंकर राग आला. मेलेल्या माणसावरचा राग घेऊन काय करायचं, हे मला कळेना.

मिस्त्री बऱ्याच वेळानं आले. भिंतीला हात लावत, मग झाडाला. समोर बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. डोळा जाऊ लागला तेव्हा त्यांनी एक वर्ष कुणालाच कळू दिलं नाही. बोटांच्या अंदाजानं काम करत राहिले. एक दुधाची गाडी आली, तिची स्प्रिंग त्यांनी उलटी बसवली. त्यांना वाटलं, बसली. दुसऱ्या दिवशी चाक जाम होऊन गाडी उलटली आणि ड्रायव्हरचा पाय मोडला. तो ड्रायव्हर दौंडच्या लेथवाल्याचा धाकटा भाऊ. त्यानंतर त्यांनी अवजारं पुसून टांगली.

"का नाही सांगितलंत?" मी विचारलं. खरं तर मी ते त्यांना विचारत नव्हते.

"लाज वाटती, ताई," ते म्हणाले. "जवा माणूस म्हणतंय ना, ठीक हाय, तवा त्याला समोरच्याला फसवायचं नसतंय. त्याला सोताला अजून थोडं दिस तसंच ऱ्हायचं असतंय." मग थोडं थांबून म्हणाले, "पर ते बरोबर न्हाई. बरोबर हाय असं मी म्हणत न्हाई."

त्यांनी विनायकची बाजू घेतली असती तर मी उठून गेले असते. मी तिथंच बसले. ऊन कलल्यावर पक्कड घेतली आणि ती गाठ सोडवली. ट्यूबची पट्टी कुजली होती, हातात तुटली.

शिरूर

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत डावं चाक मी जवळजवळ एकटीनं केलं. सिलिंडरला सुजातानं आणलेली जादा रबरं घातली; मिस्त्रींच्या पेटीत एक जुनी नळी निघाली, ती बसवली. मग नळ्यांत अडकलेली हवा काढायची. मी चाकाशी बसून नट सोडायचा आणि मिस्त्रींनी आत बसून पेडल दाबायचं. "दाबा," "सोडा," एवढेच शब्द आम्ही पाऊण तास बोलत होतो. आधी बुडबुडे आले, मग तेलाची सरळ धार.

मिस्त्री म्हणाले, मला शिरूरला न्या. ब्रेकही कळतील आणि डोळ्याच्या डॉक्टरकडं आठ महिने जायचं राहिलंय. रस्त्यात ते डोळे मिटून बसले आणि कानांनी गाडी तपासत राहिले. एका मोकळ्या जागी त्यांनी जोरात ब्रेक मारायला लावला. गाडी जागच्या जागी, सरळ थांबली, कुणीकडंही न ओढता. एवढ्या वर्षांत ही गाडी अशी थांबलेली मी पाहिली नव्हती.

दवाखान्यात गर्दी होती. मी बाहेर उभी राहून समोरच्या गाड्यावर उसाचा रस प्यायले. मिस्त्री बाहेर आले ते भिंतीला हात न लावता, सरळ, जरा घाईनं. गाडीत बसल्यावर म्हणाले, डोळ्यातला दाब लई वाढलाय. राहिलेलाही जाणार. थेंब घालून थोडं लांबेल, एवढंच.

घोडनदीवरून वारा येत होता. मी गाडी सुरू केली नाही.

"सुजाताला म्हणावं, डॉक्टर म्हणले ठीक हाय," ते म्हणाले. "ती दिसभर उभी ऱ्हाती कंपनीत. तिच्या डोक्याला कशाला."

मी म्हटलं, मी तसं सांगणार नाही. तुम्हीच तिला सांगा. मी शेजारी बसेन.

मग मी गाडी सुरू केली.

सुजाता बसमधून उतरून पटांगणात आली तेव्हा आम्ही ओसरीवर बसलो होतो. तिनं आधी गाडीकडं पाहिलं, चाकांवर उभी असलेली बघून हसली. मिस्त्रींनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. मला वाटलं, नाही बोलणार. मग त्यांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं, डॉक्टरनं सांगितलं तसंच, न गाळता.

तिनं डबा खाली ठेवला. रडली वगैरे नाही. पायरीवर त्यांच्या पायांजवळ बसली आणि म्हणाली, "मामा, कवापासून दिसंना झालंय जास्त?"

हा प्रश्न मला विनायकला विचारायला मिळाला नव्हता. मिस्त्री आठवू लागले: दिवाळीच्या आधी, नाही, त्याच्याही आधी, पोळ्याला गावात बैल रंगवत होते तेव्हा शिंगं नीट दिसेनात. ती ऐकत होती, मधेच एखादी गोष्ट विचारत होती. तिथं आता माझं काही काम नव्हतं. मी उठून आत गेले आणि तिघांसाठी पीठ मळायला घेतलं. बाहेरून दोघांचं बोलणं बराच वेळ ऐकू येत होतं.